नको इतका स्वच्छ स्कॅन

"माझ्या नवऱ्याचा जीव कुणाच्या चुकीने गेला, एवढंच मला कळू द्या," आलेल्या बाई म्हणाल्या. पाण्याचा पेला त्यांच्या हातात होता. ओठाला लागला नव्हता.

वहिनी खाजगी तपासाचं काम करत. भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींची गाडी चालवत, आणि वहिनींच्या मते, चुकीचे तर्क लढवायचं काम न चुकता करत.

बाईंचा नवरा कर्करोगाच्या रुग्णालयात एमआरआय तंत्रज्ञ होता. त्यालाच गुदाशयाचा कर्करोग निघाला. तिथे एक संशोधन चालू होतं. आधी किरणांचा शेक आणि औषधं द्यायची, मग पुन्हा एमआरआय काढायचा. गाठ पुरती विरली असेल तर ऑपरेशन टाळून नुसती नजर ठेवायची. विरली नसेल तर गुदाशय काढायचा आणि पोटावर शौचासाठी जन्मभराची पिशवी.

"पिशवीची ह्यांनी धास्तीच घेतली होती," बाई सांगत होत्या. "शेकानंतरचा स्कॅन स्वच्छ आला. सुटलो म्हटलं. पुढच्या तपासण्या ते आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. पोट दुखायला लागलं तेव्हा रोग यकृतात पोचला होता. स्कॅन स्वच्छ होता, तर मग हे आलं कुठून? कुणाचा तरी भलताच स्कॅन ह्यांच्या माथी मारला."

गाडीत बसताच भाऊजी म्हणाले, "अदलाबदल. उघड आहे."

"तुम्हाला उघड दिसलं की मला काळजी वाटते," वहिनींनी पट्टा लावला.

संशोधनाचे प्रमुख शल्यचिकित्सक होते. पाच मिनिटांत त्यांनी तीनदा चष्मा पुसला.

"दुर्बिणीने मी स्वतः पाहिलं. आतून जखम भरली होती. पण गुदाशयाभोवतीच्या चरबीत ग्रंथी असतात, तिथे रोग उरलाय का, ते दुर्बिणीला दिसत नाही. तिथे एमआरआय हाच आमचा डोळा. तो स्वच्छ म्हणाला, मी थांबलो."

"नसता म्हणाला तर?"

"ऑपरेशनच. हा तंत्रज्ञ मात्र माझ्याशी वाद घालायचा. काहींची उरलेली गाठ उशिरा विरते, हे त्याने बऱ्याच जणांच्या स्कॅनमध्ये पाहिलं होतं. म्हणायचा, साहेब, तुम्ही कापायची फार घाई करता."

बाहेर आल्यावर भाऊजी कुजबुजले, "संशोधन यशस्वी दाखवायला ह्यांनीच केलं असेल."

"चला हो," वहिनी म्हणाल्या.

स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर बसल्या होत्या. अदलाबदल म्हणताच त्या ताठ झाल्या.

"शक्य नाही. आमच्याकडे स्कॅन येतो तो नाव काढून, नुसत्या क्रमांकाने. ओळखीचा पेशंट म्हणून मन इकडेतिकडे होऊ नये. तरी मी जुना-नवा ताडून बघते. हा शेवटचा मणका बघा. डाव्या बाजूने खालच्या हाडाला चिकटलाय, जन्मापासून. दोन्हीत तसाच आहे. माणूस एकच."

भाऊजींनी निरखून पाहिलं. मणका दोन्हीकडे तसाच होता. खालचं हाडही दोन्हीकडे तसंच करडं. त्यांचा तर्क तिथेच कोसळला.

"गाठ विरल्यावर तिथे काय राहतं?" वहिनींनी विचारलं.

"काळा वण. हा दुसरा रुग्ण बघा, बरा झालेला."

"ह्याचं मागचं हाड इतकं पांढरं?"

"शेकाने. हाडातला मगज जातो, तिथे चरबी भरते, ती पांढरी दिसते. शेक घेतलेल्या सगळ्यांचं होतं. पण आम्हाला निकाल द्यायचा असतो तो आतड्याची भिंत आणि ग्रंथी बघून."

"आणि आपल्या तंत्रज्ञांचा वण?"

"दिसतच नाही. इतकी स्वच्छ भिंत क्वचित मिळते. मी विद्यार्थ्यांना दाखवते."

शेवटी तंत्रज्ञाचा सहकारी भेटला. तोही यंत्रावरचाच.

"मीच झोपवलं त्याला आत. पण नाव काढून क्रमांक घालायचं आणि पुढे पाठवायचं काम त्याचं. बाहेर आला, कपडे बदलले आणि बसला खुर्चीत. म्हटलं, लेका, आज तरी पेशंट म्हणून रहा. ऐकेल तर ना."

"यंत्र नवं आलं तेव्हा तुम्ही दोघंच होता?"

"हो. सेटिंग बसवायला जिवंत माणूस लागतो. मग आम्हीच आळीपाळीने आत. माझे गुडघे, त्याचं ओटीपोट. माझ्या गुडघ्यांचे फोटो लग्नातल्या फोटोंपेक्षा जास्त आहेत. बायको म्हणते, आलेतही तेच बरे."

भाऊजी हसले. वहिनी हसल्या नाहीत. सहकाऱ्याला बाजूला नेऊन त्यांनी काहीतरी शोधायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सगळे त्याच अंधाऱ्या खोलीत जमले. बाईंना पुढची खुर्ची दिली.

"स्कॅन भलत्या माणसाचा नव्हता," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "मणका त्यांचाच आहे. पण मणक्याखालचं हे मागचं हाड बघा. शेकानंतर ते पांढरं पडायला हवं होतं. ते शेकाआधीच्या इतकंच करडं आहे. गाठ विरली असती तर वण राहिला असता. वणही नाही. म्हणजे हे शरीर त्यांचं, पण ह्या शरीराला शेक लागलेला नाही, आणि रोगही झालेला नाही."

डॉक्टरीणबाईंचा हात तोंडावर गेला. "मी हाडाचा आकार पाहिला. रंग नाही पाहिला."

"यंत्र नवं असताना ते निरोगी होते, आणि सेटिंगसाठी आत झोपले होते. तेव्हाचा स्कॅन यंत्रात पडून होता. तो आज कामाचा आहे हे त्यांनाच ठाऊक. आणि क्रमांक घालून पाठवणारे तेच."

"स्वतःच?" भाऊजींच्या तोंडून निघालं.

"मरायला नव्हे, भाऊजी. उरलेली गाठ उशिरा विरताना त्यांनी पाहिली होती. आपलीही विरेल, तोवर कुणी कापू नये, एवढाच त्यांचा हिशोब. म्हणून पुढच्या तारखा टाळल्या. खरा स्कॅन मात्र त्यांच्याच्याने पुसवला नाही. सेटिंगच्या जुन्या स्कॅनमध्ये सरकवून ठेवला होता. काल सापडला."

सहकाऱ्याने तो उघडला. हाड पांढरंशुभ्र होतं. भिंतीवर काळा वण होता, आणि बाहेरच्या चरबीत मसुराएवढी एक ग्रंथी.

बाईंनी विचारलं, "तेव्हा काढली असती तर?"

शल्यचिकित्सकांनी ह्या वेळी चष्मा पुसला नाही. "बहुतेक वाचला असता," ते म्हणाले.

सहकाऱ्याने पडदा बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे, दादा," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, इतकी की पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. "यंत्रापाशी एकटेच बसून हे बघत असतील. घरी येऊन मला म्हणायचे, आज जेवण छान झालंय."