रुमालाखालचा सौदा

बंदराच्या गल्लीत पाऊस पडत नाही, पण छत्री लागतेच. आभाळ नाहीच तिथे. आहे ते लोखंडी छत, आणि छताखालून गेलेल्या गार पाण्याच्या नळ्या. एखादं मोठं यान धक्क्याला लागलं की गल्ली तापते, नळ्यांना घाम फुटतो आणि टपटप टपटप सगळं आपल्या डोक्यावर! त्या दिवशी तर यानांचा अख्खा तांडा परतला होता, म्हणजे गळती विचारूच नका. ती कामाची पाळी संपवून निघाली होती. मान आखडलेली, बोटं सुजलेली, आणि छत्रीची एक काडी मोडलेली. तेवढ्यात कुणीतरी ती मोडकी बाजू अलगद वर उचलून धरली.

"माफ करा हं... हातमोजेवाली कुठे बसते, सांगाल का?"

"ती घरी गेली."

"मग तुम्ही कोण?"

"घरी चाललेली हातमोजेवाली."

तो हसला. शिपाई होता, ताडमाड उंच, छत्रीत जेमतेम अर्धाच मावणारा. डावा खांदा भिजून ओला झाला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. डोळ्यांवर कितीतरी दिवसांची झोप साचलेली. हातात एकच हातमोजा, त्याचा अंगठा उसवलेला.

"उद्या या," ती म्हणाली.

"येतो ना," तो म्हणाला, आणि छत्री धरून कोपऱ्यापर्यंत चालत राहिला.

हा देश व्यापाऱ्यांचा. कितीतरी ताऱ्यांभोवतीचे ग्रह, चंद्र, बंदरं, सगळ्यांवर राज्य महाजनांच्या सभेचं. राजा नाही, आणि सेनापतीला विचारतो कोण! फौज पोसली ती मालाची यानं सुखरूप पोचवायला. सभेत बोलणी फिसकटली की लढाई सुरू, बोलणी जमली की बंद. शिपाई बिचारे अर्ध्या वाटेवरून परत येतात, आणि आपण जिंकलो की हरलो हे त्यांना बंदरावरच्या खानावळीत कळतं. म्हणून इथे सगळेच दमलेले. लढणारे दमलेले, आणि त्यांचे हातमोजे शिवणारेही. यानाबाहेरच्या पोकळीत एक टाका सैल निघाला तर माणसाचा हात जातो. त्यामुळे ती कधी घाईत शिवत नसे, आणि म्हणूनच कधी वेळेवर घरी जात नसे.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. तिनं अंगठा शिवला, हवा भरून तपासला आणि भाव सांगितला.

"बरं," म्हणून त्यानं खिशात हात घातला.

तिचा चेहरा एवढासा झाला. शेजारच्या बाकावर शिवत बसलेल्या मावशीनं तर सुईच खाली ठेवली. "अहो, काय हे! माझ्या भाचीनं तुमचं काय वाकडं केलंय?"

"मी... मी काय केलं?"

"पहिल्याच बोलाला हो म्हणालात!" ती म्हणाली. "कुठल्या देशाचे तुम्ही?"

"याच. पण जन्म यानावरचा. आई-बाप दोघंही फौजेत. आमच्याकडे एकदाच विचारतात, एकदाच सांगतात. हो तर हो, नाही तर नाही."

"इथे तसं चालत नाही. पहिल्याला नाही म्हणायचं, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला हो. लगेच हो म्हटलं, तर समोरच्याला वाटतं, आपल्यासाठी याला दोन घटकाही काढवत नाहीत."

"आणि मधेच कुणाला उठून जावं लागलं तर?"

तिनं बाकावरचा चौकटीचा रुमाल उचलून त्या हातमोज्यावर टाकला. "असं करायचं. अर्ध्या सौद्यावर रुमाल पडला की माल तिथेच राहतो. दुसरं कुणी हात लावत नाही. महाजन असला तरी नाही."

त्यानं रुमालाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "कितीही दिवस?"

"कितीही."

"बरं," तो म्हणाला, आणि चटकन जीभ चावून, "म्हणजे... नाही! नाही!" मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग तो येतच राहिला. कधी अंगठा, कधी करंगळी, कधी मनगटाची शिवण. एकदा तिनं हातमोजा उजेडात धरला.

"हा फाटलेला नाही. कापलाय कुणीतरी."

"शत्रूची सुरी फार धारदार असते."

"तांडा तर कधीचा धक्क्याला लागलाय. शत्रू आला कुठून?"

"तेच तर... फारच जवळ आलाय हो!"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मावशी सुईत दोरा ओवता ओवता पुटपुटली, आणि भाचीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

खिडकीजवळ एक स्टूल होतं. त्यावर बसून तो बोलता बोलताच झोपून जायचा, डोकं भिंतीला टेकून. यानावर कधी शांत झोप लागली नाही, असं त्यानं सांगितलं होतं. इथे, तिच्या शिवणयंत्राच्या खटखटीत, बरी लागायची. मग ती यंत्र थांबवत नसे. काम नसलं तरी रिकाम्या कापडावर टाके घालत बसे. हातांची आग व्हायची, पाठ भरून यायची, पण तो झोपलेला असताना तिचाही शीण उतरायचा. आपण प्रेमात पडलोय हे तिला असं, रिकामे टाके घालताना कळलं.

एक दिवस तो आला तो बसलाच नाही.

"तांडा निघतोय. सीमेवर. तीन वर्षांची नेमणूक." बोलताना तो हातातली टोपी फिरवत होता. "ज्याचं घर इथे आहे, त्याला बंदराच्या पहाऱ्यावर राहता येतं. घर म्हणजे... बायको असेल त्याला. पण मी त्यासाठी विचारत नाहीये. मी एरवीही विचारलंच असतं. माझ्याशी लग्न कराल?"

तिच्या छातीत असं काही धडधडलं की यंत्राचा आवाज ऐकू येईना. हो, हो, हजारदा हो! पण या माणसाला पहिल्याच बोलाला हो कसं म्हणायचं? तो काय सुतळीचा गुंडा होता? त्याचा मान ठेवायला हवा होता. तिनं मान खाली घातली, ओठांवर येऊ पाहणारं हसू दाबलं, आणि जितकं गोड म्हणता येईल तितकं गोड म्हणाली, "नाही."

मग ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत राहिली.

"ठीक आहे," तो म्हणाला. आवाज अगदी सपाट. त्यानं टाचा जुळवल्या, सलाम केला. तिनं मान वर केली तेव्हा दार हलत होतं.

"गेला?" मावशी धावतच आली. "अगं, रुमाल तरी टाकायचास!"

"वेळच कुठे दिला त्यानं? येईल... दुसऱ्यांदा विचारायला येईल ना गं?"

"यानावर वाढलेलं पोर ते. त्याला नाही म्हणजे नाहीच वाटलं असणार. हात दाखवून अवलक्षण केलंस बाई."

ती शोधायला गेली तर छावणीचं फाटक बंद. तांडा निघायचा असला की आत कुणाला सोडत नाहीत. निरोप धाडला, तो पोचला की नाही कळलं नाही. झोप उडाली. टाके वाकडे पडायला लागले, तशी मावशीनं तिच्याकडून काम काढून घेतलं. शेवटी खानावळीतून बातमी आली. त्यानं सीमेच्या नेमणुकीवर सही केली होती, आणि आज दुपारी तांडा सुटणार होता.

ती छत्रीसुद्धा न घेता, खांद्यावर टाकलेल्या चौकटीच्या रुमालासकट पळाली. यानं तापली होती, गल्ली नुसती गळत होती. धक्क्यावर शिपायांची रांग लागलेली, आणि रांगेत सगळ्यांच्या वर त्याचं डोकं.

"हो!" ती लांबूनच ओरडली. रांगेतल्या निम्म्या माना वळल्या. भर बंदरात, न विचारता, पहिल्याच दमात हो! व्यापाऱ्यांच्या देशात अशी बेअदबी कुणी पाहिली नव्हती.

तो रांगेतून बाहेर आला. "काय... काय म्हणालात?"

"हो म्हणाले! त्या दिवशीचं 'नाही' पहिलं होतं, वेड्या! पहिलं! मी दुसऱ्याची वाट बघत बसले आणि तू... तू चक्क सलाम केलास!"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मग तो हळूच म्हणाला, "सही झालीये गं. या देशात सगळ्याची घासाघीस होते, फौजेतल्या सहीची होत नाही."

ती रडली. लपवलं नाही, पुसलंही नाही, तसंही सगळं तोंड नळ्यांच्या पाण्यानं ओलंच होतं. तीन वर्षं. सभेतल्या महाजनांच्या मनात येईल तेव्हा लढाई, येईल तेव्हा तह, आणि मधे हा. तिला एवढंच हवं होतं, की त्यानं जिवंत परत यावं.

"मग मी विचारते," ती म्हणाली. "माझ्याशी लग्न करशील?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "नाही."

मग तिला त्याच्या ओठांचा कोपरा दिसला, हलणारा.

"माझ्याशी... लग्न करशील?"

"नाही," तो म्हणाला. या वेळी आवाज कातर झाला.

भोंगा वाजला. तिनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर त्यानं तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "आता नको. तिसऱ्यांदा मी परत आल्यावर विचार." तिच्या खांद्यावर तो चौकटीचा रुमाल तसाच राहिला होता. त्यानं तो उचलला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. "अर्ध्या सौद्याला दुसरं कुणी हात लावत नाही. तूच सांगितलंस ना?"

"कुणीच नाही."

"शत्रूसुद्धा?"

"सांग त्यांना माझं नाव," ती म्हणाली. "म्हणावं, या मालावर रुमाल पडलाय."

तो हसला, आणि तसाच, खांद्यावर रुमाल घेऊन, यानात चढला.

ती परत आली तेव्हा मावशी दारातच उभी होती. "काय झालं? बोल ना!"

"दोनदा नाही म्हणाला."

"दोनदा?" मावशीचे डोळे भरून आले. "अगं बाई, मग तर जमलंच की!"

ती यंत्रापाशी बसली, समोरचा हातमोजा घेतला, पुन्हा खाली ठेवला. उठून उरलेल्या अस्तराचा एक तुकडा घेतला आणि खिडकीजवळच्या स्टुलावर पसरला. संध्याकाळच्या पाळीला एक दमलेला शिपाई आला, फाटका हातमोजा बाकावर ठेवून स्टुलाकडे वळला.

"बसू का जरा इथे?"

"तिथे नको," ती म्हणाली, आणि स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "त्याचा सौदा अजून चालू आहे."