१४ मार्चचं पान

"पाळकाच्या बायकोनंच लिहून ठेवलंय," प्रार्थनाघराचे कारभारी डीकन होल्ट यांनी वही टेबलावर आपटली. "आणखी कसला पुरावा हवा?"

खोट्या कागदांचा माग काढण्यात अझराया पेकचा हात मॅसॅच्युसेट्स वसाहतीत कुणी धरला नसता. त्याने वही उघडली. गावचे धर्मगुरू, पाळक लोथ्रॉप यांची बायको मेहिटेबल तीन आठवड्यांपूर्वी तापाने गेली होती. रोजनिशी तिची, अक्षरही तिचंच वाटत होतं.

‘१४ मार्च. अंधार पडल्यावर मेणबत्तीपाशी मोजा विणत बसले. यांनी आज कबूल केलं, देवावर विश्वास उरलेला नाही.’

पुढच्या पानावर होतं: ‘१५ मार्च, रविवार. प्रार्थनाघरात हाडं गोठवणारी थंडी.’

मंगळवारी प्रार्थनाघराच्या मंडळीची सभा होती. लोथ्रॉपना काढणार हे ठरल्यातच जमा होतं.

"तुम्ही असं म्हणाला होतात?" पेकने विचारलं.

"नाही." लोथ्रॉप वहीकडे बघेनात. "पण तिला माझ्यात तेच दिसलं असेल. पाळकपद गेलं तर जाऊ दे हो. तिचाच माझ्यावर विश्वास नव्हता, हे कसं सोसू?"

बाहेर पडताच पेकचा सोबती, गिरणीवाला जोथम, फुरफुरला, "हे डीकनचंच काम. त्याचं नि पाळकबुवांचं विळ्याभोपळ्याचं सख्य."

पेकने डीकनला एवढंच विचारलं, "शनिवारची संध्याकाळ कशी घालवता?"

"हे काय विचारणं झालं? शनिवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागला, देवाचा दिवस, काम करणं पाप. माझ्या घरात मग सुईसुद्धा हलत नाही."

मग शाळामास्तर वेल्स. गेल्या पानगळीत लंडनहून आलेला, धर्मशास्त्र शिकलेला. मेहिटेबलच्या बहिणीसाठी रोजनिशीची नक्कल त्यानेच करून दिली होती. त्यालाही तोच प्रश्न.

"मुलांचे कित्ते तपासतो. बारा वाजले, रविवार लागला, की लेखणी खाली."

"झालं का? शनिवारचं काय खूळ घेतलंस?" जोथम वैतागला.

"उद्या मेहिटेबलच्या बहिणीकडे जाऊन ती नक्कल घेऊन ये."

मंगळवारी पेक सभेत उभा राहिला. "पंधरा तारखेला रविवार, म्हणजे चौदाला शनिवार. शनिवारी अंधार पडल्यावर पाळकाची बायको मोजा विणेल?"

डीकनचा चेहरा उतरला. रागाच्या भरात त्यांनी वारच मोजला नव्हता.

"ही चूक आपल्यातला कुणी करणार नाही. मध्यरात्री शब्बाथ लागतो असं मानणारा गावात एकच आहे. पाळकाची जागा रिकामी झाली तर ती मिळणारही त्यालाच. वही नकलेसाठी त्याच्याकडे होती. तिचं अक्षर गिरवून पान बदलायला किती वेळ?"

"पुरावा काय?" वेल्स म्हणाला.

"तुमचंच अक्षर. नक्कल करून धाडलीत तेव्हा डोक्यात पाप आलं नव्हतं. खरं पान या नकलेत आहे."

वेल्सने मान खाली घातली. पेकने वाचलं:

‘१४ मार्च. सूर्य बुडायच्या आत लिहिते. यांनी उद्याचं प्रवचन वाचून दाखवलं. मधेच माझा डोळा लागला. यांनी अंगावर शाल घातली आणि हळू आवाजात वाचत राहिले. मी जागी झाले होते, पण डोळे उघडले नाहीत.’

"पाळकबुवा, चुकलं माझं," डीकन म्हणाले.

लोथ्रॉपना ते ऐकूच गेलं नाही. ते रडत होते आणि हसतही होते.

"मला वाटलं, झोपलीय," ते म्हणाले. "शेवटपर्यंत वाचलं मी."