हात जोडून चालणारा

काम अगदी साधं होतं. फॉर्मचा एकच रकाना उरला होता. तो भरायचा, खाली सही करायची आणि दिवस बुडायच्या आत अंबरपेठची बस पकडायची.

तेव्हा माधापूरच्या पुढे हैदराबाद शहर नव्हतं, खडक होते. घराएवढे, देवळाएवढे गोल दगड एकावर एक असे चढलेले, की वाटावं कुणीतरी खेळता खेळता डाव अर्ध्यावर टाकून उठून गेलंय. मधे सीताफळाची झुडपं आणि वाळलेलं गवत. पण सत्त्याण्णव साल होतं. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीला इथे काचेची इमारत हवी होती, आणि काचेला सपाट जमीन लागते. रोज सकाळी सातला शिट्टी वाजायची, माणसं लांब पळायची, आणि अडीचशे कोटी वर्षांचा दगड दोन सेकंदांत खडी होऊन पडायचा.

निशिगंधा सोनकांबळे बावीस वर्षांची, प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेली. सुरुंग लावायच्या आधी जागेवरची झाडं आणि जनावरं पाहून लिहून ठेवायची, ही तिची पहिली नोकरी. तिच्या आधीचा माणूस ऑफिसात पंख्याखाली बसूनच 'काही नाही' असं लिहायचा म्हणे. त्या 'काही नाही'चा तिला मनापासून राग होता. ती सरड्याचीसुद्धा जात लिहायची. सहा महिने हंगामी काढले होते. उद्याचा फॉर्म वेळेत गेला की ती कायम होणार होती. आबिड्सच्या पोस्टात काम करणाऱ्या तिच्या वडिलांनी, निवृत्तींनी, ही बातमी आधीच सगळ्या काउंटरांवर सांगून टाकली होती.

आता एकच शिळा राहिली होती. तीन मजली उंच, पाठ वाकवून बसल्यासारखी गोल. दुपारपर्यंत कंप्रेसर लावून तिला अकरा भोकं पाडून झाली होती. सुरुंगाची दारू सकाळी भरायची होती.

निशिगंधा पोचली तेव्हा चौकीदार हिम्मतराव खुर्ची टाकून बसले होते. शिळेकडे पाठ करून.

"काका, ही कसली राखण? पाठीला डोळे आहेत का तुमच्या?"

"तोंड करून बसलो तर तो दिसतो ना," हिम्मतराव म्हणाले. मूळचे उदगीरचे, पण तीस वर्षांत हैदराबादेनं त्यांची जीभ आपलीशी केली होती.

"कोण दिसतो?"

"बुढा. दिवस बुडाला की निघतो दगडाखालून. अंगभर चिलखत. कमरेत असा वाकलेला, अन् हात असे." त्यांनी छातीशी हात जोडून दाखवले. "लोकां बोलतात, गोळकोंड्याचा शिपाई हाय. लढाईतून घरी जायचंच ऱ्हाऊन गेलं. अन् पाठीमागं दुसरं मुंडकं! भोकं पाडणारी तीन पोरं काल चपला टाकून पळाली. कैकू हसतीस?"

ती हसणारच. ज्या घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर दर्शनी भिंतीवर, तिथे भूत हा शब्द फक्त चेष्टेत निघायचा. तिने टॉर्च घेतला आणि शिळेच्या बुडाशी गेली.

तिथे मात्र तिचं हसू थांबलं. भोकांतून पडलेल्या पांढऱ्या भुकटीत पायांचे ठसे होते. दोनच पायांचे, एकापुढे एक, आखूड. आणि मधोमध काहीतरी जड ओढत नेल्याची रुंद रेघ. रेघ जिथून सुरू होत होती, तिथे शिळेखाली एक बीळ होतं. ताज्या मातीचा वास आणि त्याखाली दुसरा एक, उग्र, जुन्या बंद पेटीतल्यासारखा.

तिने वाकून पुन्हा वास घेतला. कॉलेजच्या संग्रहालयात काचेआड धूळ खात एक पेंढा भरलेला प्राणी होता, एका डोळ्याचा मणी पडलेला. जिवंत कुणी पाहिलाय का, असं विचारल्यावर सर नुसते हसले होते.

तेवढ्यात मोटारसायकल आली. मंदार, साइटचा इंजिनिअर, पुण्याचा, कमरेला पेजर.

"काय मग, भूत लिहिणार का रकान्यात? लांबी-रुंदी घेतलीस?"

"सर, खाली ताजं बीळ आहे. मला थांबून बघू द्या."

"थांब की. सकाळी सहाला फॉर्म माझ्या हातात पाहिजे. पण डोळ्यांनी दिसेल तेच लिहायचं. 'असावं', 'वाटतं', असली कविता नको."

"आणि दिसलं तर?"

"दिसलं तर सुरुंग थांबेल. फॉरेस्टवाले येतील, महिना जाईल आणि माझ्या नावाने शंख होईल." तो हसला, पण त्याचं बोट पेजरच्या बटणाशी उगाच चाळा करत होतं. "नाही दिसलं, तर तू कायम. साधा हिशोब आहे."

"माझ्या घरी तेवढा फोन करा. शेजारच्यांकडे. उशीर होईल म्हणावं."

तो गेला. गाडीचा आवाज खडकांमधून फिरत फिरत विझला, आणि मग जी शांतता आली तिला वजन होतं.

ऊन उतरलं. दगड आधी तांबडे झाले, मग जांभळे, मग नुसते आकार उरले. निशिगंधा झुडपाआड बसली. हिम्मतराव तिच्या मागे, डोक्यावरून चादर घेऊन. दिवसभर तापलेला खडक आता ऊब सोडत होता, तिच्या तोंडावर येत होती ती.

आधी आवाज आला. खोलवरून, खरडल्याचा. मग पत्र्याची ताटं एकमेकांवर हलकेच सरकावीत तसा. मग एक लांब फुत्कार.

"आला…" हिम्मतराव पुटपुटले.

बिळाच्या तोंडाशी काळोख थोडा जाड झाला, आणि त्यातून तो बाहेर आला.

दोन पायांवर. कमरेत वाकून. डोक्यापासून खालपर्यंत पानांवर पानं बसवावीत तसं चिलखत, चांदण्यात कडा चमकणारं. आणि पुढचे दोन्ही पंजे छातीशी जोडलेले, जणू कुणापुढे तरी उभं राहून काही मागतोय. मागे, जमिनीलगत, दुसरं तोंड हललं.

"सलाम कर, पोरी… सलाम कर…"

क्षणभर, खोटं कशाला सांगा, निशिगंधाचा हात खरंच कपाळाकडे गेला. मग तिला दिसलं. दुसरं तोंड पिलाचं होतं. आईच्या शेपटीवर पोट टेकून, चारही पायांनी घट्ट धरून बसलेलं, फिकट, अजून मऊ खवल्यांचं पिल्लू.

"काका, खवल्या मांजर आहे हे," ती कुजबुजली. "आई आहे. तुमचा शिपाई… बाई आहे काका!"

"अलुगु?" चादर खाली आली. "तेलुगू लोकां अलुगु बोलतात ते? हे असं चालतं?"

तिला राहवलं नाही. ती दोन पावलं पुढे गेली आणि पायाखालची काटकी मोडली. डोळ्याचं पातं लवायच्या आत आईनं पिल्लू पोटाशी ओढलं, शेपटी वरून गुंडाळली, आणि तिथे कुणीच उरलं नाही. एक गोल दगड होता. आजूबाजूच्या शंभर दगडांसारखा, नजर हलली असती तर पुन्हा सापडला नसता.

ती गुडघ्यांवर बसली. तळवा त्यावर ठेवला. गार, कठीण, नखासारखं. नखच ते, माणसाच्या नखाचाच पदार्थ. आत ऊब. आत खालीवर होणारं काहीतरी. तोंडात एकही दात नाही, जीभ मात्र बरगड्यांच्या टोकापासून निघालेली. मुंग्या दळायला पोटात खडे. वाघाला उलगडत नाही अशी मिठी. कुणी गोष्टीत लिहिलं असतं तर तिनेच म्हटलं असतं, फारच झालं. ज्यांनी शिपाई पाहिला त्या पोरांनी खरं तर कमीच पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचं तिला सुचलं नाही.

ती मागे सरून पुन्हा झुडपाआड बसली. बऱ्याच वेळाने दगडाला नाक फुटलं. आई उलगडली, पिल्लू शेपटीवर चढलं. हात जोडून, थांबत, वास घेत ती खडकांवरून पलीकडच्या काटेरी रानात उतरली. निशिगंधा लांबून मागे गेली. शेवटचा चमकणारा खवला दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. परत येऊन तिने बिळात टॉर्च मारला. रिकामं. कंप्रेसरच्या दणक्यांनी आईनं घर सोडलं होतं. पिल्लू घेऊन निघालेली आई माघारी कशाला येईल?

"गेली ना?" हिम्मतराव म्हणाले. "मग लिही गेली म्हणून. तुझी नोकरी झाली पक्की."

'दिसली' एवढंच लिहिलं, तर शिळा वाचणार होती. ते खोटंही नव्हतं. पण ते अर्धं होतं, आणि दुसऱ्याच्या अर्ध्या सत्यावर ती सहा महिने चिडत आली होती. तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं.

तिने टॉर्च दातांत धरला, फॉर्म शिळेच्या अंगावर टेकवला आणि लिहायला घेतलं. खवल्या मांजर, मादी, पिलासह, संध्याकाळी सव्वासातला प्रत्यक्ष पाहिलं. पश्चिमेकडच्या रानात निघून गेलं. आता या शिळेपाशी कोणतंही जिवंत

पेन घसरलं. अक्षर वाकडं गेलं.

तिने हात पुन्हा टेकवला. कागद सावकाश तिच्याकडे आला. सावकाश मागे गेला.

"काका," तिने टॉर्च हातात घेतला, "कंप्रेसर चालू आहे का कुठे?"

"न्हाई गं. दुपारीच नेला." चादरीतून आवाज आला. "का?"

तिने उजेड वर फिरवला. खडकाचे पापुद्रे एकावर एक चढलेले होते, ओळीनं, प्रत्येक खालच्याची कड झाकणारे, उजेड पोचेल तिथवर, आणि त्याच्याही वर. एका भोकाच्या तोंडाशी पांढरी भुकटी बाहेर उडाली, आणि आत ओढली गेली.

आपलाच श्वास असेल. आपणच धापा टाकतोय, म्हणून हात हलतोय.

निशिगंधाने तळवा शिळेवर सपाट ठेवला, डोळे मिटले आणि श्वास रोखून धरला.

हात वर आला. खाली गेला. पुन्हा वर आला.