नऊवरचं झाड

"तू खोटं बोलते असं नाई म्हणत मी, बेटा. पण झाडं दोनच होते," ठेकेदार गुलाबभाऊ रक्षाला म्हणाले आणि पुन्हा कामाकडे वळले.

दिवाळीच्या सुट्टीत समुद्रपूरच्या त्या शाळेच्या अंगणात फरसबंदीचे सिमेंटचे गट्टू बसत होते. रक्षाचे बाबा इथेच गणित शिकवायचे. श्रावणात ते गेले. दवाखान्यात भरती होण्याआधीच्या रविवारी, शाळेत चिटपाखरूही नसताना, त्यांनी कडुनिंबाचं तिसरं रोपटं लावलं होतं आणि रक्षानं आपल्या बाटलीतलं पाणी घातलं होतं. बाबा गेल्यावर तिचे पाय तिकडे वळले नव्हते, वाढलेल्या गवतात ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं आणि आता गट्टूंमुळे नेमकी जागाही ओळखू येत नव्हती. दुःखात माणसाला नसलेलंही आठवतं, असं मुख्याध्यापिका शकुंतलाबाई मायेनं म्हणाल्या, पण रक्षाच्या काळजाला घरं पडली. बाबांबरोबरचा तो शेवटचा रविवारही खोटा ठरत होता.

तिच्या वर्गातली अंकिता आणि धीरज रक्षाचा निरोप मिळताच धावत आले.

"सर कुठंबी झाड लावणारे नव्हते," धीरज म्हणाला. "एक झेंड्याच्या खांबापासून दोन मीटरवर, दुसरं पाचवर. काऊन?"

रक्षाला आठवलं. त्या रविवारी बाबा म्हणाले होते, आता आपली बहुपदी पुरी झाली. ती बहुपदी तर साऱ्या वर्गाला तोंडपाठ होती: एक्सचा घन, वजा सोळा एक्सवर्ग, अधिक त्र्याहत्तर एक्स, वजा नव्वद. एक्सच्या जागी दोन घातले की किंमत शून्य. पाच घातले तरी शून्य.

"सर्वांत मोठा घातांक तीन, म्हंजे कोटी तीन," एरवी गणिताला घाबरणारी अंकिता हळूच म्हणाली. "शून्य तीन जागी येऊ शकते. एक जागा बाकी आहे."

त्यांनी खडूनं गट्टूंवरच आकडेमोड मांडली. सहा घातले, उणे बारा. सात, उणे वीस. किंमत शून्यापासून लांबच चालली होती, तरी रक्षानं पुढचा आकडा मांडला. आठ, उणे अठरा.

"वर येऊन राह्यली!" धीरज ओरडला.

नऊ घातले. शून्य.

खांबापासून त्या दोन झाडांच्याच रांगेत टेप लावून मोजलं, तर नऊवर नवेकोरे गट्टू. गुलाबभाऊ उचलायला तयार होईनात. मग अंकितानं शकुंतलाबाईंना बोलावून आणलं आणि त्यांच्यासमोरच विचारलं, "खाली काई नाई म्हणता ना काका? मंग भेता काऊन?"

भाऊंना गट्टू काढावे लागले. खालच्या रेतीत एक वाळलेलं, मोडलेलं रोपटं होतं, बाबांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या चिंधीनं काडीला बांधलेलं. रक्षा तिथेच बसली आणि कितीतरी दिवसांनी मोकळी रडली. तिचं खरं ठरलं होतं, पण रोपटं मेलं होतं.

"गवत समजून दाबलं आम्ही. मायी चुकी," गुलाबभाऊ मान खाली घालून म्हणाले.

शकुंतलाबाईंनी रक्षाला जवळ घेतलं. "मीच तुझं ऐकलं नाही. सरांनी शिकवलेलं तुम्ही तिघांनी राखलंत." नवं रोपटं भिंतीकडे लावू, तिकडे मोकळी जागा आहे, असं त्यांनी सुचवलं.

"नाई बाई," रक्षा म्हणाली. "नऊवरच."

संध्याकाळी भाऊंनी स्वतः आणलेलं रोपटं तिथेच लागलं. रक्षानं तीच बाटली उघडली. हळू घाल, मुळं उघडी पडतील, असं बाबा त्या रविवारी म्हणाले होते. आजही तिनं हळूच घातलं. तसं सांगायला मात्र आता कोणी नव्हतं.