मनस्वीचा हात

जुईनगर स्टेशनजवळच्या गल्लीत गेमिंगची यंत्रं दुरुस्त करणारं एक चिंचोळं दुकान आहे. तिथे भर दुपारी एक मुलगा हवेत जाळं फेकत होता.

उन्नती मढवी आपला बिघडलेला कंट्रोलर घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मुलाच्या हातात एक जुना कंट्रोलर होता, डोळे मिटलेले होते, आणि तो पुन्हा पुन्हा हात भिरकावत होता. दुकानदार कोंडिबा कोपऱ्यात बसून डबा खात होता. असली गिऱ्हाइकं त्याने बरीच पाहिली असावीत.

आता उन्नती ऐरोलीच्या दिवा गावची. तिचे वडील धर्मराज नोकरीतून सुटले तरी दर रविवारी खाडीवर पाग टाकायला जातात. गोल जाळं एका झोकात पाण्यावर पसरायचं, ही त्या घरची जुनी विद्या. तिच्या डोळ्यांदेखत कोणी अशी विटंबना करावी आणि तिने गप्प राहावं, हे काही शक्य नव्हतं.

"असा टाकलात तर मासे हसतील," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. काळेभोर डोळे, आणि त्यात ओशाळलेपणाचा लवलेश नाही. "पाग टाकतोय हे कळलं तुम्हाला?"

"ते कळलं. टाकता येत नाही हेही कळलं."

"मग दाखवा ना."

तिने दाखवलं. म्हणजे आधी नुसतं तोंडाने सांगितलं— "आधी कंबर फिरते, मग हात"—आणि तेवढ्याने जमेना तेव्हा त्याचं मनगट धरून फिरवलं. मनगट धरल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं की आपण एका अनोळखी मुलाचा हात धरून उभ्या आहोत. तिने तो सोडला... जरा सावकाशच सोडला.

मुलाचं नाव सुगत तांबे. दिवसा ऐरोलीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी, आणि उरलेल्या वेळात स्वतःचा गेम. गेमचं नाव 'भरती'. खाडीत होडी घालायची आणि पाग टाकायचा, तोही बटण दाबून नाही, तर कंट्रोलर हातात धरून खरोखर हात फिरवायचा. मोशन कंट्रोल म्हणतात त्याला. हात जसा फिरेल तसं पडद्यावर जाळं उघडतं.

"मीसुद्धा गेमवरच जगते," ती म्हणाली. "'नवा डाव' वेबसाइटवर रिव्ह्यू लिहिते. उन्नती मढवी."

"त्या साडेपाचवाल्या?" तो दचकला. "गेल्या महिन्यात त्या ट्रकच्या गेमला दहापैकी साडेपाच तुम्हीच दिलेत ना? फार वाईट वाटलं मला."

"तो तुमचा होता?"

"नाही. मला आवडला होता."

ती हसली. अशी हसली की कोंडिबानेही डब्यातून मान वर केली.

पुढच्या रविवारी सुगत दिवा गावच्या जेट्टीवर हजर. त्याच्या पुढच्याही. खाडीच्या चिखलाचा वास, दोरीने ओले झालेले तळवे, आणि "आधी कंबर" असं म्हणत तिने वारंवार धरलेलं त्याचं मनगट... तीन महिन्यांत 'तुम्ही'चं 'तू' झालं. पाग मात्र त्याला काही येईना. धर्मराज एकदा जाळं झटकत म्हणाले, "पोरगा बरा हाय. पन याच्या हातान पाग काय बसनार नाय." सुगत मान खाली घालून हसला. उन्नतीला वडिलांचा उगाच राग आला.

प्रेम आहे, हे दोघांनीही म्हटलेलं नव्हतं. म्हणायची घाईही नव्हती. तेवढ्यात मनस्वी आली.

गेम पुरा होत आला तेव्हा सुगतने जुईनगरच्या आपल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ओळखीच्या पंधरा-वीस जणांना तो खेळायला बोलावलं. उन्नती अबोली रंगाचा नवा कुर्ता घालून गेली. आत पाऊल टाकलं तर पडद्यासमोर एक उंच, गोरी, मोकळ्या केसांची मुलगी उभी, आणि सुगत तिच्या मागे. एक हात तिच्या मनगटाखाली. तोंड तिच्या कानाशी. काहीतरी हळू आवाजात सांगतोय, आणि ती मान हलवतेय.

उन्नतीने घड्याळ पाहिलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आठ मिनिटं. तीन महिन्यांत त्याने तिचं मनगट एकदाही धरलेलं नव्हतं. अर्थात जेट्टीवर शिकवणारी तीच होती, पण पोटात दुखायला लागलं की असले मुद्दे कोण विचारात घेतं?

"ही मनस्वी," तो उत्साहाने म्हणाला. "तुर्भ्याला लॅबमध्ये असते. तिच्याशिवाय हा गेम झालाच नसता."

"हो?" उन्नती म्हणाली. "छान."

त्या 'छान'मध्ये किती मिरच्या होत्या ते सुगतला कळलं नाही. मनस्वीला मात्र कळलं असावं, कारण तिने उन्नतीकडे एकदा नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात संपादक कमळाकर सरांनी विचारलं, "'भरती' कोण करतंय?"

"मी," उन्नती म्हणाली.

"ओळखीचा आहे का गेमवाला?"

"तोंडओळख आहे."

बारा रविवारांना तोंडओळख म्हणतात, हे बिचाऱ्या सरांना कुठून माहीत असणार? आपल्या माणसाचा रिव्ह्यू करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. पण उन्नतीची स्वतःशी समजूत अशी, की एका नवख्या मुलाच्या मराठी गेमला दुसरं कोण हात लावतंय? आणि आपण कडकच मार्क देणार आहोत, मग पक्षपात कसला?

घरी येऊन तिने गेम सुरू केला. सेटिंगमध्ये गेली. तिथे एक यादी होती, 'हात कोणाचा?' अशा नावाची. खाली तीन ओळी: नामदेवकाकांचा हात. पुतळा आत्याचा हात. मनस्वीचा हात.

तिने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. उन्नतीचा हात कुठेच नव्हता. पाग कोणी शिकवला? कंबर कोणी फिरवली? आणि हात कोणाचा, तर मनस्वीचा. आता हातच द्यायचा-घ्यायचा असेल तर सरळ मंडप घाला म्हणावं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने यादी बंद केली आणि पुन्हा उघडली नाही.

तीन संध्याकाळी ती हात फिरवून फिरवून गेम खेळली. खांदा भरून आला. चौथ्या दिवशी तिने लिहिलं: 'हा गेम हात हलवल्याशिवाय खेळताच येत नाही. ज्यांना हालचाल नको किंवा जमत नाही, त्यांच्यासाठी काहीही पर्याय नाही. दहापैकी पाच.'

पाच मार्कांना किंमत होती. बंगळुरूच्या एका मेळाव्यात छोट्या गेमची निवड व्हायची होती, आणि तीन रिव्ह्यूंची सरासरी सात हवी होती. बाकी दोघांनी सात आणि साडेसात दिले होते. सुगत ओळख झाल्यापासून त्या मेळाव्याबद्दल बोलत होता. उन्नतीला हे सगळं तोंडपाठ होतं. तरी तिने बटण दाबलं.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. 'वाचला. पर्यायांची यादी तुला सापडली नाही म्हणजे मी ती नीट दिसेल अशी ठेवली नाही. चूक माझी. मोठ्या अक्षरात करतो. थँक यू.'

तो भांडला असता तर बरं झालं असतं. ती मेसेजकडे बघत राहिली आणि जेवली नाही.

दोन दिवसांनी दुपारी ऑफिसच्या रिसेप्शनवरून बोलावणं आलं. बाहेर मनस्वी उभी होती.

"ताई, तुमी लिहिलंय, पर्याय नाय," ती बसायच्या आधीच म्हणाली. "मग मी खेळले ते काय होतं?"

तिने ओढणी बाजूला केली. उजव्या मनगटावर लांब, जाड व्रण होता. "स्कूटरवरून पडले. आत प्लेट हाये. मनगट फिरतच नाय. सुगतने फेसबुकवर लिहिलं होतं, ज्यांना हा गेम खेळता येणार नाही अशी मान्सं हवीत. लोक खेळता येणारे शोधतात, हा येडा उलटं शोधत होता. मी गेले. माझ्यासाठी त्याने हालचाल बंद करून सगळं दोन बटणांवर आणलं. नामदेवकाकांचा हात थरथरतो, त्यांना जरासं हललं तरी पुरतं. पुतळा आत्या बसून खेळते. ज्यांना मुळातला खेळ जमत नाय, त्यांची नावं हायेत ती."

त्या दिवशी मनगटाखाली धरलेला हात, ती आठ मिनिटं... आता त्यांचा अर्थ लागत होता, आणि लाजेने कान तापत होते.

"एक सांगू?" मनस्वीचा आवाज जरा उतरला. "मला आवडतो तो. मी विचारलं पन त्याला. म्हणाला, मनात दुसरी आहे. कोण, ते नाय सांगितलं. पन 'आधी कंबर, मग हात' म्हणताना त्याचं तोंड बघायला हवं. कोणी शिकवलं विचारलं तर लाजतो." ती उठली. "तुमचं तुमी बघा. पन खोटं नका लिहू. माझ्यासारखी कोणी वाचेल आणि घेणारच नाय तो गेम."

ती गेली. उन्नतीला तिचा मत्सर वाटला, पहिल्यापेक्षा जास्त. कारण ही मुलगी जे होतं ते सरळ बोलली होती, आणि आपल्याला तेवढंही जमलं नव्हतं.

ती थेट कमळाकर सरांकडे गेली. "'भरती'चे मार्क बदलायचेत."

सरांनी चष्मा काढला. "का? गेम बदलला, की तू बदललीस?"

"मी चुकले."

"मग वाचकांना सांग, कशी चुकलीस. कारण न देता मार्क बदलले, तर आपल्या दुसऱ्या कुठल्या मार्कांवर त्यांनी विश्वास का ठेवावा?"

ती अर्धा तास कोऱ्या पडद्यासमोर बसली. 'यादी नजरेतून सुटली' असं लिहिता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं. सुगतने तर आधीच मानलं होतं. तिने तेवढं लिहिलं, पुसलं, आणि मग एका दमात लिहून काढलं:

'दुरुस्ती. हालचाल बंद करून नुसत्या बटणांवर खेळायची उत्तम सोय या गेममध्ये आहे. ती यादी मला दिसली होती. तीत एका मुलीचं नाव होतं, म्हणून मी जळले आणि यादी बंद केली. गेम करणाऱ्यावर माझं प्रेम आहे. त्याला ते ठाऊक नाही. हा रिव्ह्यू मी करायलाच नको होता. माझे मार्क रद्द समजावेत. —उन्नती मढवी'

सरांनी ते दोनदा वाचलं. "तोंडओळख," ते म्हणाले. मग म्हणाले, "महिनाभर तुझं नाव रिव्ह्यूखाली येणार नाही. 'भरती' रणजीत करेल." आणि तिच्यादेखत त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

चार दिवस सुगतचा फोन नाही, मेसेज नाही. लोकांनी मात्र खूप लिहिलं, निम्म्यांनी शिव्या, निम्म्यांनी बदाम. पाचव्या दिवशी रणजीतचा रिव्ह्यू आला. पर्यायांची तारीफ, पाग टाकण्याची तारीफ, वाऱ्यात होडी सांभाळायचा भाग कंटाळवाणा. सहा. सरासरी सातला टेकली नाही. निवड हुकली.

रविवारी ओहोटीच्या वेळी ती जेट्टीवर गेली. सुगत पायऱ्यांवर बसला होता. दूर धर्मराज गुडघाभर पाण्यात पाठमोरे उभे होते.

"सगळ्या महाराष्ट्राला सांगितलंस," तो म्हणाला. "मला सोडून."

ती त्याच्या खाली दोन पायऱ्या सोडून बसली. "रागावलायस?"

"चार दिवस रागावलो होतो. नियमाने वागावं म्हणून काय काय केलं मी, माहितीये? यादीत पहिलं नाव तुझं होतं, मुळातल्या हाताचं. तुमच्या ऑफिसातून रिव्ह्यूसाठी तुझ्या नावाने गेम मागवला, तेव्हा पाठवायच्या आधी काढलं. म्हटलं, गेममध्ये तुझं नाव दिसलं तर तुझे मार्क कोणी खरे मानणार नाही."

खाली चिखलात एक बगळा पाय उचलून विचार करत होता.

"रणजीतचे सहा बरोबर आहेत," तोच पुढे म्हणाला. "वारा कंटाळवाणाच आहे. तू किती दिले असतेस? खरं सांग."

ती बगळ्याकडे बघत म्हणाली, "साडेसहा."

साडेसहाने सरासरी बरोब्बर सात झाली असती. दोघांनीही मनातल्या मनात तो हिशेब केला. तिने डोळे पुसले. मग तो एक पायरी खाली सरकला.

"पुढच्या वर्षी पाठवू. वारा सुधारतो," तो म्हणाला. "आणि... उन्नती, पाग मला दुसऱ्याच रविवारी यायला लागला होता."

"काय?"

"मुद्दाम चुकत होतो. नीट टाकला असता तर तू मनगट धरलं असतंस का? तुझे बाबा मला ठोंब्या समजतात. समजू देत." तो थांबला. "प्रेम तुझं एकटीचं नाहीये. तू छापलंस, एवढाच फरक."

ती रडता रडता हसली. वारा खाडीवरून येत होता आणि तिचे केस त्याच्या तोंडावर जात होते, आणि तो ते बाजूला करत नव्हता.

"मनस्वीचं नाव काढू का यादीतून?" त्याने विचारलं. "नुसतं 'बटणांवर' लिहितो. तुला त्रास नको."

मोह झाला. तो झाला नाही असं म्हणणं पुन्हा खोटं ठरेल. "नको," ती म्हणाली. "तिच्यामुळे ते झालंय, तिचंच नाव राहू दे. मी जळेन. जळू दे मला."

"अजून जळतेस?"

"हो."

"मग पुढच्या वेळी जळलीस की आधी मला सांग. वाचकांना नंतर."

"आत्ताच सांगते," उन्नती म्हणाली, आणि तिने सुरुवात केली. क्लबहाउसमध्ये आठ मिनिटं मनगट धरायची काय गरज होती, चार मिनिटांत भागलं नसतं का, आणि कानाशी बोलायचं काय नडलं होतं, इथपासून. सुगत तिचा हात हातात घेऊन सगळं ऐकत बसला.