गाळलेला मजकूर

प्रूफं वाचण्याच्या कामात भिण्यासारखं काही नसतं. पानावर चहा सांडू नये, एवढीच काय ती काळजी. मी हे काम सोळा वर्षं करते आहे, आणि नाशिकरोडच्या छापखान्यांत माझ्याबद्दल एवढंच बोललं जातं की संजनाबाईंचं काम चोख आणि जीभ तिखट. दोन्ही खरं आहे. तेव्हा मी सांगते ते ऐकताना मला भोळीभाबडी समजू नका.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. माझा मावसभाऊ बुद्धभूषण पुस्तकं छापतो. त्याचा फोन आला की एक कादंबरी आहे, लेखक वारलेत, त्यांच्या माजी विद्यार्थ्यांच्या समितीला ती पहिल्या पुण्यतिथीला काढायची आहे. अडचण एकच होती. लेखकाची बायको हस्तलिखित घराबाहेर द्यायला तयार नव्हती. म्हणजे देवळाली कॅम्पला त्यांच्या बंगल्यावर जाऊन, तिथेच बसून प्रूफं ताडून पाहायची. मग त्याने लेखकाचं नाव सांगितलं. सावरगावकर सर.

मी म्हणाले, दुसरं कोणी बघ, आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी मीच त्याला उलटा फोन करून हो म्हणाले.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? त्या कादंबरीत कोण असणार ते मला ठाऊक होतं.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्या बंगल्यावर शिकवणीला जायचे. सर फी घेत नसत. आमच्या वस्तीतल्या मुलीला एवढा मोठा माणूस फुकट शिकवतो, याचं माझ्या वडिलांना इतकं कौतुक की ते सरांसमोर खुर्चीवर बसतसुद्धा नसत. शिकलं पाहिजे, या एका शब्दावर आमचं घर उभं होतं. त्या शब्दाला धक्का लागेल असं काही मी घरी सांगूच शकत नव्हते, आणि हे सरांना माझ्याआधी कळलं होतं.

सर काय करायचे? मी कोणाशी बोलायचं ते ठरवायचे. माझी एकुलती एक मैत्रीण त्यांनी महिन्याभरात तोडली. वर्गात माझी वही उंच धरून सगळ्यांना दाखवायचे आणि संध्याकाळी तीच वही माझ्यासमोर फाडायचे. माझ्याशिवाय तू कोणी नाहीस, असं इतक्या मायेने म्हणायचे की मला ते आशीर्वादासारखं वाटे. आणि मला आतल्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावायचे. एकाग्रतेसाठी. मग दाराबाहेर त्यांची चप्पल कुरकुरत राहायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोंडात कायम लवंग. ती दातावर आपटल्याचा बारीक आवाज दारातून आत यायचा.

बारावीच्या दिवाळीनंतर एक दिवस मी म्हणाले की मला कॉलेजला पुण्याला जायचंय. त्या दिवशी कडी सकाळी दहाला लागली. तोफखान्याचा सराव चालू होता. तुम्ही कॅम्पात राहिला असाल तर माहीत असेल, रेंजवर तोफ उडाली की इकडे खिडकीच्या काचा थरथरतात. मी दार बडवत होते आणि प्रत्येक वेळी वाटत होतं, आता कोणी ऐकेल. कोणी ऐकलं नाही. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता. संध्याकाळी सरांच्या बायकोने, सुमनबाईंनी, कडी काढली आणि काही न बोलता त्या ओट्याकडे वळल्या. मी पायांत चपला न घालता बसस्टॉपपर्यंत पळाले. बारावीत कशीबशी पास झाले. सरांनी वडिलांना सांगितलं, पोरीचं लक्ष उडालं. वडिलांनी ते शेवटपर्यंत खरं मानलं.

तेव्हापासून मी कुठलंच दार कडी लावून बंद करत नाही. न्हाणीघराचंसुद्धा. एकटी राहते, त्यामुळे कोणाची तक्रार नाही. आणखी एक झालं. शाळेत निबंधात पहिली येणारी मी, या बावीस वर्षांत स्वतःचं एक वाक्य लिहू शकले नाही. लिहायला बसले की पाठीमागे कोणीतरी लाल पेनाचं टोपण काढतं. दुसऱ्यांची वाक्यं तेवढी दुरुस्त करते.

तर मी का गेले? कारण पुस्तक छापून आलं की त्यात लिहिलेलं तेच खरं होऊन बसतं. त्या दिवसाबद्दल सरांनी काय लिहून ठेवलंय, ते मला छापण्याआधी पाहायचं होतं.

बरोबर नसीमआपा होत्या. आमचं काम दोघींचं असतं. एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट. दुसरीने प्रूफावर पेन्सिल फिरवत ऐकायचं. मुळात आहे आणि प्रूफात नाही असं काही कानावर आलं, तर तो गाळलेला मजकूर समासात लिहून घ्यायचा. यात मान वर करायची नसते. मान वर केली की ओळ सुटते. नसीमआपा तीस वर्षं हेच वाचताहेत. त्यांच्या घरी नातवंडं चेष्टा करतात की दादी भाजी आणायला सांगतानासुद्धा स्वल्पविराम म्हणते.

सुमनबाईंनी दार उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. आम्हाला थेट आतल्या खोलीत नेलं. मी आधी दाराकडे पाहिलं. बाहेरची कडी नव्हती. होती तिथे स्क्रूची चार भोकं आणि रंग न लागलेला लांबट पट्टा. सर गेले त्याच आठवड्यात सुताराकडून काढून घेतली, असं सुमनबाई आपणहून म्हणाल्या. तेवढ्या आधारावर मी आत बसले.

दुपारभर आम्ही वाचत होतो. कादंबरीतल्या सरांचं नाव वेगळं, मुलीचं वेगळं, बाकी सगळं माझंच. माझ्या रिबिनींचा रंग. चपलेचा तुटलेला अंगठा. मी कितीदा रडले तेसुद्धा, फक्त ते रडणं भक्तीचं होतं. ती मुलगी सरांच्या पायाशी बसून म्हणत होती की तुम्ही मला घडवलंत. नसीमआपा कोऱ्या आवाजात वाचत गेल्या. एकदाच थांबल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "ही पोरगी काही बोलतच नाही गं संजना. सगळं हाच बोलतोय तिच्या तोंडून."

मी तो दिवस कधी येतो याची वाट पाहत होते. आलाच नाही. दिवाळीवरून कादंबरी थेट परीक्षेवर गेली. मला हायसं वाटलं, आणि मग रागाने कानशिलं तापली. बावीस वर्षं जो दिवस माझ्या मानेवर बसला आहे, त्याला या माणसाने एक ओळही दिली नव्हती.

चारच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. काचा थरथरल्या. नसीमआपा म्हणाल्या, घसा सुकला, पाणी पिऊन येते. मी हं म्हणाले. डोळे पानावरच होते, दिवाळीच्या त्या ओळीवर.

थोड्या वेळाने समोरची खुर्ची सरकली आणि वाचन सुरू झालं. माझी पेन्सिल सवयीने चालू लागली. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण या कामात आवाज ऐकू येतच नाही, फक्त शब्द येतात.

"त्या दिवशी ती स्वतःहून आली पूर्णविराम. दार तिनेच लावून घेतले स्वल्पविराम, कारण तिला बाहेरचे जग नको होते पूर्णविराम."

प्रूफात हे नव्हतं. मी खूण केली आणि समासात लिहून घेऊ लागले. चार ओळी झाल्या, सहा झाल्या, समास भरला, मी पान आडवं करून लिहीत राहिले. तिने दार कधीच वाजवले नाही. ती सुखी होती. शब्दांच्या मधे कुठेतरी दातावर काहीतरी आपटल्याचा बारीक आवाज येत होता.

आणि स्वयंपाकघरातून नसीमआपांचं हसू ऐकू आलं.

त्या सुमनबाईंशी बोलत होत्या. भांडं ठेवल्याचा आवाज आला. माझी मान तशीच खाली. समोरचा आवाज पुरुषाचा होता, हे मला तेव्हा कळलं. केव्हापासून होता, देव जाणे. लवंगेचा वास खोलीभर दाटला होता. मी हळूहळू मान वर केली. खुर्ची रिकामी होती, टेबलापासून जरा मागे सरकलेली, कोणी बसायला सरकवतं तेवढीच. तिच्यासमोर हस्तलिखित उघडं होतं, आणि त्या पानावर एकही अक्षर नव्हतं.

मी प्रूफाकडे पाहिलं. समासातलं सगळं माझ्या अक्षरात होतं. ती स्वतःहून आली. माझ्या वळणाचा त, माझा र. हे पान छापखान्यात गेलं असतं तर कोणी शंकाही घेतली नसती. संजनाबाईंचं काम चोख.

मी दाराकडे धावले. मघाशी उघडं असलेलं दार आता बंद होतं; ते ओढलं. ते हललं नाही. ज्या दाराला कडीच नव्हती, ते बाहेरून कडी लावल्यासारखं घट्ट बसलं होतं. मी बडवलं, आपांना हाका मारल्या. तोफ उडाली, काचा वाजल्या, माझा आवाज त्यात गेला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी अडतीस वर्षांची बाई, पुन्हा सोळाची झाले होते.

मागून, अगदी मायेने, आवाज आला.

"तिने दार ओढले पूर्णविराम. मग ती शांत झाली पूर्णविराम. मग ती खाली बसली..."

मी खाली बसत होते. खरंच बसत होते. पाठ दाराला घासत खाली चालली होती, हातात प्रूफ आणि पेन्सिल तशीच होती, आणि हात गुडघ्यावर पान ठेवून ती वाक्यं लिहायला लागला होता. मला तेव्हा जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नाही. सर दिसले असते तरी एवढी वाटली नसती. माझ्याच हाताची भीती.

मी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. पेन्सिल समासातल्या पहिल्या ओळीवर आडवी ओढली. मग दुसरीवर. कागद फाटेल इतकी दाबून.

"काट," मी म्हणाले. "हे सगळं काट."

आवाज थांबला. चप्पल कुरकुरली. ती माझ्या दिशेने येत होती.

मी पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत लिहिलं, आणि लिहिता लिहिता आपांसारखं मोठ्याने वाचलं. "दार बाहेरून लावले होते पूर्णविराम. मी दिवसभर वाजवले पूर्णविराम."

बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. लोखंडावर लोखंड, स्पष्ट. दार उघडलं.

सुमनबाई उभ्या होत्या, मागे पाण्याचं भांडं घेऊन नसीमआपा. आपांनी नंतर सांगितलं की त्यांना हाक-बिक काही ऐकू आली नव्हती. सुमनबाई बोलता बोलता एकदम उठल्या, दारापाशी आल्या आणि त्यांनी त्या चार भोकांवरून हात असा फिरवला, कडी सरकवतात तसा.

सुमनबाई माझ्याकडे पाहत होत्या. ओळखलं तर त्यांनी पहिल्या क्षणीच होतं, ओळख दिली नव्हती एवढंच.

"त्या दिवशी मिक्सर मी मुद्दाम लावला होता," त्या म्हणाल्या. "रिकामाच फिरत होता."

माफ करणं माझ्याच्याने झालं नाही, अजूनही होत नाही.

"तुझ्यानंतर आणखी एक होती. निळ्या शाईनं लिहायची, गोल गोल अक्षर. तिच्या वेळी... मी उठलेच नाही."

"तिचं काय झालं, काकू?"

त्यांनी मान आडवी हलवली, गेलेल्या माणसाबद्दल हलवतात तशी. आत जाऊन हस्तलिखिताचा गठ्ठा दोरीने बांधला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, समितीला मी सांगते काय ते. हे छापू नको. आणि हे या घरातही नको.

कादंबरी निघाली नाही. बुद्धभूषण चार दिवस कुरकुरला आणि गप्प झाला. गठ्ठा माझ्या कपाटात आहे. ते प्रूफाचं पान मात्र मी टेबलावर ठेवलंय, कारण त्याच्या तळाशी माझं बावीस वर्षांतलं पहिलं वाक्य आहे.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या वाक्यावर लाल शाईची रेघ होती. पट्टीने मारल्यासारखी सरळ. सर तशीच मारायचे.

आमच्या कामात काटलेला मजकूर परत हवा असेल तर त्याच्याखाली ठिपके देतात. अर्थ एवढाच, की राहू द्या. मी पेन्सिलने ठिपके दिले. तिसऱ्या दिवशी ठिपक्यांसकट वाक्य पुन्हा काटलेलं. मी पुन्हा दिले. फाल्गुनापासून आज श्रावण लागला, एकही सकाळ चुकलेली नाही. आपा म्हणतात, जाळून टाक ते पान. पण जाळलं तर माझं वाक्यही जळेल, आणि तेच तर सरांना हवंय. पेन्सिल आता बोटभर उरली आहे.

आज सकाळी उठले तेव्हा लाल रेघ होतीच. पण तिच्याखाली ठिपके आधीच दिलेले होते. निळ्या शाईचे, गोल गोल, शाळकरी हाताचे. अजून ओले.

मी दाराकडे पाहिलं. मी कडी कधीच लावत नाही, हे तुम्हाला सांगितलंच आहे. आज ती लागलेली होती. आतून. आणि बाहेर जिन्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चप्पल कुरकुरत होती.