सशाची दुसरी पंगत

प्राणिसंग्रहालयातली नवी डॉक्टरीण पहिल्याच सकाळी ससेघरात शिरली आणि पाइपाच्या पाण्यानं नखशिखांत भिजली.

"अरे देवा! माफ करा... मला वाटलं, आत फक्त ससेच आहेत."

"मग? मी ससा वाटले?"

"भिजल्यावर... थोडंसं," पाइप धरलेला तरुण म्हणाला आणि स्वतःच लाजला.

सशांची देखभाल त्याच्याकडे. सगळे त्याला टापटीपराव म्हणत, आणि उगाच नाही — फरशी कशी लखलखत होती! अभिमान नुसता ओसंडत होता त्याच्या डोळ्यांतून.

पण कोपऱ्यातला पांढरा ससा पाहून तिचं हसू विरलं. हाडं वर आलेली, गळ्यात पुठ्ठ्याची रुंद कॉलर.

"ही कुणी घातली?"

"मीच. पंधरा दिवस झाले. स्वतःचीच लेंडी खातो हो... घाणेरडी सवय! गवत पोटभर देतो, तरी वाळत चाललाय. वाचेल ना?"

तिनं आधी कॉलर सोडली.

"वाघाचं आतडं आखूड, कारण मांस झटपट पचतं. गवत चिवट, म्हणून गायीला चार कप्प्यांचं पोट आणि वर रवंथ. सशाला रवंथ जमत नाही. गवत त्याच्या आतड्यात मुरतं, मऊ लेंडी होऊन बाहेर येतं. ती पुन्हा खाल्ली, तरच सत्त्व अंगी लागतं. देवानं जसा घास दिला, तसंच पोट दिलंय, टापटीपराव. तुम्ही बिचाऱ्याला दुसऱ्या पंगतीतून उठवलंत!"

"म्हणजे... मीच त्याला उपाशी ठेवलं?"

त्यानं सशाला अलगद कुशीत घेतलं. तिला रागवायचं होतं... जमेना.

आठ दिवस दोघांनी मिळून सशाला पातळ खाणं भरवलं. टापटीपराव ससा धरायचा, ती पिचकारीनं भरवायची. बोटांना बोटं लागायची — आणि दोघंही सशाकडेच बघायची! नवव्या दिवशी ससा आपणहून गवतावर तुटून पडला.

रविवारी तिचे बाबा लेकीचं काम बघायला आले. ससेघरापुढे गर्दी होती, प्राणिसंग्रहालयाचे मोठे साहेबही होते. ससा मऊ लेंडी खाताना दिसला, आणि कुणीतरी ओरडलं, "शी!"

"नाक मुरडू नका," टापटीपराव पुढे झाला. "तेच त्याचं जेवण आहे. मीही शी म्हणालो होतो, कॉलर घालून त्याला मरणाच्या दारात नेलं होतं. चूक माझी. साहेब, तुम्हालाही आजच सांगतोय."

कॉलरचं तिच्याशिवाय कुणाला ठाऊकही नव्हतं. तो बोलला नसता तरी चाललं असतं. तिचा ऊर भरून आला.

"कोण गं हा?" बाबांनी विचारलं.

"माझा माणूस आहे, बाबा," ती ताठ मानेनं म्हणाली. मग हळूच पुटपुटली, "म्हणजे... त्याला अजून सांगायचंय."

"सांगितलंत की," शेजारून आवाज आला.